फ्रिज उघडा कोणी ठेवला, प्रमिला?

प्रमिला,

हॉस्पिटलच्या स्मरणिकेसाठी तुझ्यावर चार चांगले शब्द लिहून द्या, असा ऑफिसातून निरोप आला. निरोप आणणारा वॉर्डबॉय वर म्हणाला, "मॅडम, तुम्हीच लिहा. तुमची दोघींची जोडी होती." मी त्याच्याकडे नीट बघितलं. चेहरा गंभीर होता. नवीन आहे बिचारा.

जोडी! आपण दोघी पॅथॉलॉजीच्या दारातून कधी एकदम आत गेलो नाही, कारण आधी कोण जाणार हे ठरायचं नाही. एकाच दिवशी रुजू झालो. मी बाहेर रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होते, तेवढ्यात तू आत जाऊन मस्टरवर सही ठोकलीस. त्या सहीच्या जोरावर तू माझी ज्येष्ठ झालीस, पुढे इन्चार्ज झालीस, आणि सगळ्यांदेखत मला तुला 'मॅडम' म्हणावं लागलं. दार लावलं की मी 'तू'वर यायची. तू लगेच दार उघडायचीस.

तर चार शब्द. मला तीनच सापडले. हात स्थिर, नजर तिखट, आवाज फाटका. मुलाच्या मनगटावरची दिसत नसलेली शीर तुझं बोट बरोबर शोधायचं, हे मान्य. मायक्रोस्कोपखाली एखादी पेशी आजारी आहे की फक्त स्लाइड वाईट ओढली आहे, हे तुला एका नजरेत कळायचं, हेही मान्य. या भिवंडीत कापडाच्या लूमची रुई हवेतून सगळीकडे बसते, स्लाइडवरसुद्धा. त्या तंतूला जंतू समजून घाबरलेल्या नव्या मुलींना तू हसत नव्हतीस, नीट समजवायचीस. हे मी लिहितेय तेव्हा माझे दात आवळलेले आहेत, एवढं लक्षात असू दे.

आणि तो तुझा सकाळचा पाढा! कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असा नमुना. यंत्राने त्याचं उत्तर बरोबर दिलं, तरच पेशंटचं रक्त लावायचं. सगळीकडे लोक ते गुपचूप बघतात आणि पुढे जातात. तू प्रत्येकाला आपापल्या टेबलाशी उभं करून आकडा मोठ्याने म्हणायला लावायचीस. "ऐकू नाही आलं! शुगर काय म्हणते? परत!" बाहेर रांगेतल्या बायका दचकायच्या. एकीने मला विचारलं होतं, "बाजी, अंदर मदरसा है क्या?"

पेशंटवर तर तुझा जीव आणि तुझं तोंड, दोन्ही सारखंच सुटायचं. तो कामतघरचा लूमवाला आठवतो? उपाशीपोटीची साखर तपासायला आला होता.

"कुछ खाया तो नहीं?"

"नहीं मॅडम. हल्का सा."

"हल्का म्हणजे?"

"दो पाव. थोड़ा खीमा."

"ये फास्टिंग है का दावत है? उठ! कल आ, आणि येताना खीमा घरी ठेवून ये!"

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला आणि तुझ्यासाठी खीम्याचा डबा घेऊन आला. तो डबा तू कुठे ठेवलास? पॅन्ट्रीत, स्टूलवर. रिएजंटच्या फ्रिजमध्ये नाही. कारण तो फ्रिज म्हणजे आपला देव्हारा, हे तुझं वाक्य. आत तपासणीची औषधं, बाहेर तुझ्या हाताने चिकटवलेली पाटी: खाण्याचा पदार्थ सापडल्यास फेकला जाईल. ती पाटी खोटी नव्हती, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? मे महिन्यात माझं आम्रखंड पाच मिनिटांसाठी आत होतं. पाच मिनिटं! तू सगळ्या टीमला गोल उभं केलंस, डबा उघडलास, सगळ्यांना दाखवलास आणि कर्मकांड करणाऱ्या भटजीसारख्या गंभीर चेहऱ्याने तो पिवळ्या पिशवीत ओतलास. पिवळ्या पिशवीत, प्रमिला! जिथे रक्ताचे बोळे जातात! केशर घातलं होतं मी त्यात.

म्हणून त्या सकाळी मला जो आनंद झाला, त्याची तू कल्पनाच कर.

त्या दिवशी मी लवकर आले होते. तू माझ्याही आधी हजर, केस विस्कटलेले, हाताला आदल्या दिवशीची हळद, आणि पर्समध्ये काळी प्लॅस्टिकची पिशवी कोंबत होतीस. मी काही विचारणार तेवढ्यात रक्त फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या खालून काहीतरी सरपटत बाहेर आलं. चिखलाच्या रंगाचं, बोटभर, डोक्यावर दोन वटारलेले डोळे.

"हे काय?"

"कुठे काय?"

"हे. माझ्याकडे बघतंय ते."

"पाल आहे."

"पालीला कल्ले कधीपासून फुटले, प्रमिला?"

निवटी होती ती. खाडीच्या चिखलात बिळं करून राहणारी, पाण्याबाहेरही उड्या मारणारी. तुझ्या माहेरच्या माणसांचा जीव की प्राण. थंडीने अर्धी गारठली होती तरी एक उडी मारलीच तिने. तू ग्लव्हज चढवलेस, तिला चिमटीत धरलंस आणि गेली पिवळ्या पिशवीत, आम्रखंडाच्या वाटेने. मग मला कोपऱ्यात ओढलंस.

"आमच्या नलूताईने संध्याकाळी आणून दिल्या. मला कल्याणला हळदीला जायचं होतं. जिवंत निवट्या घेऊन हळदीत नाचू का मी?"

"म्हणून देव्हाऱ्यात ठेवल्यास?"

"सगळे गेल्यावर, एका रात्रीसाठी. कोणाला बोलू नकोस, मंगल."

मंगल! कित्येक वर्षांनी 'पवार मॅडम' सोडून तू मला नावाने हाक मारलीस. आणि दुपारच्या डब्याच्या वेळी हे सगळ्यांसमोर कसं सांगायचं, याची मी मनात तालीम करत होते. पालीचा संवाद, तुझा आवाज, निवटीची उडी. मी उडीसुद्धा मारून दाखवणार होते.

डब्याची वेळ आलीच नाही. तुझी ती फुगलेली पिशवी दाराच्या कप्प्यात होती, त्यामुळे फ्रिजचं दार नीट लागलं नव्हतं. रात्रभर औषधं गरम झाली. रक्त गोठायला किती वेळ लागतो ही तपासणी त्या दिवशी तू स्वतः लावलीस. कंट्रोल चुकला. तू परत लावलास. परत चुकला. तिसऱ्यांदा जेमतेम मर्यादेत आला आणि तू पुढे गेलीस. तू, जी मला एका चुकीच्या कंट्रोलसाठी अर्धा दिवस उभी ठेवायचीस! त्या दिवशी पाढा झाला नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मी उडीची तालीम करत होते.

पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी एक बाई थिएटरच्या दारापर्यंत गेली होती. रिपोर्ट म्हणाला, हिचं रक्त गोठत नाही. तिला स्ट्रेचरवरून परत आणलं. उपाशी, दुखणं तसंच, नवऱ्याने लूमवर खाडा करून भावाला गावाहून बोलावलेलं. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या लॅबने सांगितलं, सगळं नॉर्मल आहे. नवऱ्याने कॉरिडॉरमध्ये जो आवाज काढला, तो तुझ्यापेक्षाही मोठा होता.

मग चौकशी. फ्रिजच्या दारावरची तापमानाची नोंद सांगत होती की रात्री दार उघडं होतं. संध्याकाळची ड्युटी आपल्या टीममधल्या सुजाताची. बंद करण्याचं काम तिचं. अधीक्षक साहेबांनी तिला बोलावलं. ती सरळ उभी राहिली.

"सर, मी दार लावलं. हाताने ओढून बघितलं. मी रोज बघते."

साहेबांनी तुझ्याकडे बघितलं. मी पण तुझ्याकडे बघितलं. मला खात्री होती, तू आता बोलशील. रागीट होतीस, कद्रू होतीस, आम्रखंडाची खुनी होतीस, पण खोटारडी नव्हतीस. असं मला वाटायचं.

तू म्हणालीस, "फ्रिज सुजाताच्या चार्जमध्ये होता."

मग मी बोलले. सगळं बोलले, निवटीसकट. साहेब आधी ऐकत होते. मग त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. "मासा? फ्रिजमधून उडी मारून सेंट्रिफ्यूजखाली?" आणि तू किती शांतपणे म्हणालीस, "सर, मंगलला गोष्टी रचायची सवय आहे. सगळ्या हॉस्पिटलला माहीत आहे. आणि माझ्या जागेवर तिचा डोळा आहे, हेही माहीत आहे."

काय वार होता! मला तेव्हासुद्धा कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू. मी आयुष्यभर लोकांना हसवून जे कमावलं, तेच तू माझ्या विरुद्ध वापरलंस. निवटी कुठे आहे विचारलं तर पिवळ्या पिशव्यांची गाडी केव्हाच निघून गेलेली. सुजाता कंत्राटावर होती. तिला काढायला काही करावंच लागलं नाही, फक्त पुढचं कंत्राट दिलं नाही. "निष्काळजी" हा शब्द तेवढा तिच्यामागे लावून दिला. भिवंडीतल्या लॅब म्हणजे एकमेकींच्या खिडकीत डोकावणाऱ्या शेजारणी. तिला कुठे यंत्रावर कोणी बसवेना. कामतघरच्या चाळीतून ती स्कूटी घेऊन घरोघर रक्त गोळा करत फिरायला लागली, दुसऱ्यांच्या यंत्रावर दुसऱ्यांनी लावण्यासाठी.

तुझ्यामागे गाव होतं, प्रमिला. दापोड्याला गोदामं भाड्याने दिलेले भाऊ होते, कायमची नोकरी होती. खरं बोलली असतीस तर मेमो मिळाला असता, आठवडाभर लोक हसले असते. सुजाताच्या मागे काय होतं? विहारात जाणारी म्हातारी आई आणि पहिल्या वर्गात पास झाल्याचा अभिमान. आपल्या टीममध्ये सगळ्यात चोख हात तिचा होता, आणि तो तूच घडवलेला होतास. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. आपलं चांगलं काम आपल्याच हाताने मोडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मी तुला सोडलं नाही, हे तुला माहीत आहे. रोज सकाळी पाढा झाला की मी मोठ्याने विचारायची, "आणि फ्रिज उघडा कोणी ठेवला?" तू रिपोर्टवर सह्या करत राहायचीस. सही मात्र वाकडी यायची.

मग तू पिवळी पडलीस. आधी डोळे, मग सगळीच. काविळीच्या बिलिरुबिन तपासणीसाठी तुझं रक्त आलं तेव्हा ते मी लावलं. आकडा बघून मी कंट्रोल परत लावला. कंट्रोल बरोबर होता. मी तो आकडा मोठ्याने म्हटला नाही.

तुझ्या घरी आले तेव्हा तू खाटेवर भिंतीला टेकून बसली होतीस. पहिलं वाक्य काय? "कशी आहेस" नाही, "बस" नाही.

"माझं बिलिरुबिन कोणी लावलं?"

"मी."

"मग परत लाव."

मी इतकी हसले की तुझी सून पाणी घेऊन धावत आली. तूही हसलीस, पोट धरून, दुखत होतं तरी. खरं सांगते, त्या क्षणी मी तुला माफ करणार होते. अगदी ओठावर आलं होतं. मग सुजाता आठवली आणि मी ते गिळलं.

"साहेबांना एक फोन कर," मी म्हणाले. "दोन वाक्यं. निवट्या माझ्या होत्या. पोरगी निर्दोष आहे."

"मग तू जिंकशील."

"सुजाता जिंकेल."

"एकच झालं." तू डोळे मिटलेस. "बघू."

तुझं 'बघू' मला माहीत होतं. रजेच्या अर्जावर तू 'बघू' म्हणालीस की माणूस तिकीट रद्द करायचा. मी चप्पल घातली. दारात तू काहीतरी पुटपुटलीस. मला वाटलं 'येत जा' म्हणालीस. मी मागे वळून विचारलं नाही, आणि पुन्हा गेलेही नाही.

शोकसभेला हॉल भरला होता. फोटोत तू हसत होतीस. तो फोटो कोणाच्या लग्नातला असणार, लॅबमधला तर नक्कीच नव्हे. साहेब बोलले, शिस्तप्रिय. एक ट्रस्टी बोलले, वात्सल्यमूर्ती. मागच्या रांगेत लघवी तपासणाऱ्या शिंद्याला ठसका लागला. मग माझं नाव पुकारलं.

मी माइक घेतला आणि सुरुवातीपासून सांगितलं. आम्रखंड, देव्हारा, पाल, कल्ले, सगळं. मला वेगळं सांगताच येत नाही, माझं तोंडच तसं आहे. लोक हसायला लागले. आधी मागची रांग, मग परिचारिका, मग ट्रस्टीसुद्धा. मी कंट्रोलपाशी आले, स्ट्रेचरवर परत आणलेल्या बाईपाशी आले, तरी ते हसतच होते. "आणि ज्या सुजाताला काढलं, तिने दार लावलं होतं," असं मी म्हणाले तेव्हा साहेब उठून हसतमुखाने म्हणाले, "मंगलताईंची किस्से सांगण्याची हातोटी आपण सगळेच..." परत तेच. मेल्यावरही तू जिंकत होतीस.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून नलूताई उभी राहिली. तुझी थोरली बहीण, हातभर हिरव्या बांगड्या, डोक्यावर पदर.

"किस्सा न्हाय तो. निवट्या माझ्या व्हत्या. मीच दिल्या तिला, हलदीच्या दिवशी."

साहेब उभेच राहिले.

"परमिला मना बोल्ली व्हती, नलू, सभेत मंगल उठंल. ती सगला सांगंल आनि कोनी इश्वास ठेवनार न्हाय. तवा तू उभी रहा आनि हाय बोल."

मी माइकवरूनच विचारलं, मला भानच नव्हतं, "मग जिवंतपणी स्वतः का नाही सांगितलं तिने?"

नलूताईने फोटोकडे बघितलं. "बोल्ली, मंगल जल्मभर ऐकवंल."

हॉलमध्ये परत हशा झाला. या वेळी मी हसले नाही, प्रमिला. कारण ते खरं होतं. मी ऐकवलंच असतं. दर हळदीला, दर मे महिन्यात, तुझ्या निवृत्तीच्या समारंभात, नक्कल करून. पण त्यासाठी? माझ्या टोमण्यांच्या भीतीने तू एका मुलीला रस्त्यावर ठेवलंस? मला वाटलं होतं निदान नोकरीची भीती असेल, गावात नाचक्कीची असेल. हे फारच क्षुद्र निघालं. आणि त्यात वर तुझा तो माझ्यावरचा विश्वास! मी उठेनच, बोलेनच, हे तू धरून चालली होतीस. घरच्यांवर नाही, साहेबांवर नाही, माझ्यावर. असा विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता. तू दिलेली ती एकच चांगली वस्तू, आणि तीही मला रागातच घ्यावी लागली.

साहेब म्हणाले, "सुजाताबद्दल मी ट्रस्टींशी बोलून घेतो." मी म्हणाले, "समोरच बसलेत. आत्ताच बोला." माइक चालू होता. ते बोलले.

संध्याकाळी मी कामतघरला गेले. सुजाता नुकतीच फिरून आली होती, नमुन्यांची थंड पेटी अजून खांद्यावर. मी उंबऱ्यातच सांगायला सुरुवात केली. तिने हात वर करून मला थांबवलं.

"माइकवर सांगितलंत?"

"माइकवर."

"माझं नाव घेऊन?"

"नाव घेऊन. तू दार लावलं होतंस, असं."

"लोक हसले?"

"हसले."

"कशाला?"

"निवटीला."

"मला नाही ना?"

"नाही गं, पोरी. तुला नाही."

मग तिने पेटी खाली ठेवली. आतून तिची आई म्हणाली, "त्यांना बसायला तरी सांग." ती बसायला म्हणाली नाही. तिने विचारलं, "मॅडमनी मला स्वतःला एक फोन का नाही केला? नंबर होता त्यांच्याकडे. साहेबांना नको, मला. मी कोणाला सांगितलं नसतं."

मला उत्तर देता आलं नाही. मला, प्रमिला! चाळीतल्या दोन बायका ऐकायला थांबल्या होत्या, श्रोते होते, आणि माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

ती सोमवारी रुजू झाली. तुझी खुर्ची आता माझ्याकडे आहे. मिळाल्याचा आनंद फार वेळ टिकला नाही, तीत पाठ दुखते. तुझा फोटो मुलींनी रक्त गोठण्याच्या यंत्रावरच्या भिंतीला लावला आहे. सकाळी सगळे हात जोडतात. सुजाताला मी म्हटलं, हवं तर दुसरं टेबल घे. ती म्हणाली, "माझं टेबल हेच आहे." ती हात जोडत नाही. बसते, कंट्रोल लावते, आकडा मोठ्याने म्हणते, आणि कामाला लागते.

तिने तुला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तुझ्या बाजूने तिच्याशी बोलायचं काम माझ्या गळ्यात मारू नकोस, मी ते घेत नाही. तोंडावर मागायची माफी तू बहिणीच्या हाती पाठवलीस, आणि तीही सुजाताच्या नाही, माझ्या दारात. आता तिचं उत्तर येईल तेव्हा येईल. न आलं तर बस तशीच भिंतीवर.